सगळं धरून किती?

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण उभ्या महाराष्ट्राची असली तरी आमच्या घरात ती फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे. पूर्वी आई म्हणायची, आता आमची ही म्हणते, आणि अलीकडे तर धाकटी नात, जिला भीक आणि बहीण यांतलं एकच ठाऊक आहे, तीही म्हणते. मी रागावत नाही, कारण रागवायला जो काही ऐवज लागतो तो भिडस्त माणसाकडे नसतो. रिक्षावाल्याने ‘सुटे नाहीत’ म्हणायला तोंड उघडलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणून मोकळा झालेला असतो. साळवी स्टॉपला उतरायचं असताना रिक्षा मारुती मंदिराशीच थांबली तर ‘मला इथंच तर यायचं होतं’ असं सांगून, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत एखाद्या दुकानाची पाटी वाचत उभा राहतो आणि मग गुपचूप चालू लागतो. न्हाव्याने ‘मालिश करू ना?’ म्हणून विचारलं की मी गप्प बसतो. माझं गप्प बसणं पन्नास रुपयांना पडतं.

गंमत अशी की हाच मी उभी हयात सरकारी कचेरीत लोकांची बिलं तपासत होतो. प्रवासभत्त्याच्या बिलात कुणी रत्नागिरी ते लांजा दोन किलोमीटर जास्त लावले की माझी लाल शाई तिथे जाऊन पोचायची. मोठमोठे साहेब माझ्या टेबलापाशी यायला कचरत, असं निदान मला वाटायचं. कागदावरची चूक मला लांबून दिसते. त्या कागदामागे जिवंत माणूस उभा राहिला की दिसेनाशी होते.

तेव्हा दुकानात, हॉटेलात, मोबाइलवर जे आकार मागून येऊन बिलात बसतात त्यांच्यावर सरकारने सरळ बंदी घालावी का, असं कुणी विचारलं तर माझं मत निःपक्षपाती असणं शक्य नाही, हे आधीच सांगतो. जाणकार म्हणतात, बंदी कशाला, ग्राहकाने जागं राहावं. सरकारनेही ‘जागो ग्राहक जागो’ म्हणून वर्षानुवर्षं जाहिराती केल्या. अहो, मी जागाच असतो. बिल भरून घरी आल्यावर झोप लागतेय कुणाला?

जुलैतली गोष्ट. ही चिपळूणला बहिणीकडे गेलेली, जाताना कुकरच्या शिट्या वगैरे सगळं लिहून ठेवून गेलेली, आणि मी त्या कागदाबरहुकूम भात लावताना कुकरात पाणी घालायचं तेवढं राहिलेलं. कुकर बाहेर पडवीत नेऊन ठेवला, खिडक्या उघडल्या, तर पाऊस आत आला. म्हणून खिडक्या लावल्या, तर धूर आत राहिला. शेवटी भाच्याने माझ्या मोबाइलवर घालून दिलेलं ते घरपोच जेवणाचं ॲप उघडलं. थाळी १८० रुपये. मनात म्हटलं, ठीक आहे, कुकर घासायच्या कष्टांपेक्षा स्वस्त. मग एकेक पान पुढे सरकू लागलं, आणि प्रत्येक पानावर कुणीतरी नवीन येऊन बसलं होतं: पॅकिंगचे १५, पोचवण्याचे ३५, प्लॅटफॉर्मचे १२ (प्लॅटफॉर्मवर मी उभा कधी राहिलो, हे मला अजून उमगलेलं नाही), आणि पावसाचे २०. पावसाचे! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलैत पडतो. आमच्याकडे जुलैत ऊन पडलं तर लोक अंगणात येऊन बघतात. त्या बिचाऱ्या ॲपला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर कुठल्याशा सत्कार्यासाठी तीन रुपये, आणि त्यापुढच्या चौकोनात खूण आधीच केलेली. मी ती काढायला गेलो तर ‘नको, मला मदत करायची नाही’ अशा अर्थाचं बटण पुढे आलं. घरात मी एकटा, अंगात बनियन, बाहेर धो धो पाऊस. तरी मी मागे वळून कुणी बघतंय का ते पाहिलं. आणि खूण राहू दिली.

करांसकट २८७ रुपये झाले. तासाभराने नखशिखान्त भिजलेला एक पोरगा दारात उभा राहिला, सोलकढी सांडून भातात गेली होती त्याबद्दल त्यानेच आधी माफी मागितली, तेव्हा मी त्याला टॉवेल दिला, चहा करतो म्हणालो (त्याने कुकरकडे बघून नको म्हटलं) आणि वीस रुपये हातावर ठेवले. पावसाचे ते आधीचे वीस तुला मिळतात का रे, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. मला तेवढ्यात भीड पडली.

नंतर वर्तमानपत्रात वाचलं की या सगळ्याला कायद्यात जागा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ क्लृप्त्यांची यादीच दिली आहे. किंमत एकदम न सांगता थेंबाथेंबाने वाढवत नेणं त्यात आहे, ग्राहकाच्या टोपलीत त्याला न विचारता काहीतरी सरकवणं आहे, आणि चक्क नकार देणाऱ्याला लाजवणंही आहे. त्याचं उदाहरण दिलंय ते विमानाच्या तिकिटाचं: विमा नको म्हणणाऱ्याने ‘मी असुरक्षित राहीन’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. माझ्या लाजेची दिल्लीत दखल घेतली गेली हे वाचून मला खरोखरच भरून आलं. पुढे जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत आपापली तपासणी आपणच करून घ्या. इथे मात्र माझ्यातला जुना कारकून खाकरला. स्वतःची तपासणी स्वतः केलेल्या फायलीत चूक निघालेली मी सबंध नोकरीत पाहिलेली नाही.

बंदीने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी साबणाची गोष्ट सांगतो. आमच्या तरुणपणी साबणाच्या, बिस्किटाच्या पुड्यावर किंमत छापलेली असायची आणि शेजारी बारीक अक्षरात ‘स्थानिक कर वेगळे’ असं असायचं. हे स्थानिक कर किती, ते दुकानदार तोंडी सांगे. राम आळीत एक असत, गोखले नाक्यावर दुसरे, आणि महिनाअखेरीला, म्हणजे आम्ही उधारीवर घेत असू तेव्हा, तिसरेच. वडील विचारायचे, ‘कुठला हो कर?’ दुकानदार सांगायचा, ‘लोकल.’ पुढे बोलणं खुंटायचं. मग १९९० साली वेष्टनातल्या मालाचे नियम बदलले आणि कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित छापणं सक्तीचं झालं. साबणाचे कारखाने बंद पडले नाहीत. बिस्किटं मिळायची थांबली नाहीत. फक्त तो ‘लोकल’ एका रात्रीत नाहीसा झाला, आणि माझ्यासारख्या माणसाला निदान साबण तरी मान वर करून घेता येऊ लागला.

या आनंदाच्या भरात मी एकदा शूर झालो, त्याची ही हकीकत. मे महिना, आक्का आणि मेहुणे पुण्याहून आलेले, सगळी मंडळी भाट्याच्या किनाऱ्यावर. मला लिंबूसोडा आणायला पाठवलं. टपरीवाला छापील किमतीवर बाटलीमागे दोन रुपये जास्त सांगू लागला. ‘गार करायचे,’ म्हणाला. घरची माणसं लांब होती, कुणी बघत नव्हतं, शिवाय उन्हाने डोकं थोडं तापलेलं होतं, म्हणून मी म्हटलं, ‘छापील किमतीच्या वर एक पैसा घेता येत नाही, वैधमापनशास्त्राचा कायदा आहे.’ तो शब्द मी न अडखळता उच्चारला याचं मलाच कौतुक वाटलं. टपरीवाल्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं, मग सकाळपासून उन्हात असलेल्या क्रेटकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘छापीलमध्ये हव्या तर त्या घ्या.’ आता माघार घेतली असती तर कायद्याचा अपमान झाला असता. मी त्या घेतल्या. मेहुण्यांनी मोठ्या विश्वासाने झाकण फिरवलं, आणि आतला लिंबूसोडा, जो बराच वेळ संधीची वाट बघत होता, तो त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, आक्काच्या चष्म्यावर आणि शेजारी भेळ खात बसलेल्या कोल्हापूरच्या एका कुटुंबावर समान न्यायाने बरसला. तत्त्व छापील किमतीत मिळालं. सदऱ्याची धुलाई वेगळी.

(हॉटेलाचं पुन्हा निराळं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात टेबलाशी बसून मागवलेली पाण्याची बाटली ही नुसती विक्री नव्हे, तिथे सेवाही आहे, तेव्हा छापील किमतीचं बंधन नाही. हे वाचल्यापासून मी हॉटेलात साधं पाणी मागवतो. वेटर ‘बाटलीचं ना?’ असं विचारतो. मी मान हलवतो. कुठल्या दिशेने ते माझ्या हातात राहत नाही.)

आता मुख्य प्रकरण. भाच्याचं लग्न ठरलं, आणि मामाने केळवण करायचं हे ओघानंच आलं. मी म्हटलं, या रत्नागिरीला, घरी मोदक करू. भाचा म्हणाला, मामा, सुट्टी नाही, पुण्यात एक छान हॉटेल आहे. ते इतकं छान होतं की आत शिरताना मी चपला बाहेर काढू का, असं विचारलं. भाचा, त्याची होणारी बायको, तिचे आईवडील, आक्का, मेहुणे (सदरा नवा होता), आम्ही दोघं. माझ्या खिशात मात्र एक कात्रण होतं. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंह यांनी निकाल दिला होता की हॉटेलांना सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येणार नाही, द्यायचं तर ग्राहक स्वखुशीने देईल. आणि प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांना आव्हान देणाऱ्या दोन्ही हॉटेल संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरायला लावला होता. निकालाच्या बातमीखाली मी लाल शाईने रेघ मारली होती. कुंभार्ली घाट चढताना एसटीत मी वाक्यही पाठ करत होतो: ‘हे शुल्क ऐच्छिक असून माझी इच्छा नाही.’ पुढच्या सीटवरच्या बाईने मुलाला खिडकीकडे सरकवून घेतलं.

जेवण उत्तम झालं. मग कातडी पाकिटात बिल आलं. जेवण ६,४००, सेवा शुल्क दहा टक्के, ६४०, आणि या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी, ३५२. म्हणजे जे शुल्क घ्यायचंच नाही त्याच्यावर पुन्हा कर. एकूण ७,३९२. कचेरीत असतो तर या बिलाला मी आडवा छेद दिला असता आणि समासात शेरा मारला असता. मी वेटरला बोलावलं, हळूच म्हणालो, ‘जरा मॅनेजरना...’ मॅनेजर आले. कोट, टाय, चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी काळजी. मी त्या ६४० वर बोट ठेवलं. त्यांनी वाद घातला असता तर माझ्या खिशात कात्रण होतं. पण त्यांनी वाद घातलाच नाही. ते वाकून, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा मवाळ आवाजात म्हणाले, ‘लगेच काढून देतो सर. फक्त एवढं सांगा, आमच्या मुलांची सेवा कुठे कमी पडली?’

टेबलावर शांतता पसरली. भाच्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी बडीशेप चावायची थांबवली. ज्या मुलाने आम्हाला वाढलं होतं तो दोन पावलांवर हात बांधून उभा होता आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता की आता माझ्या एका शब्दावर त्याच्या गावाकडच्या घराचं छप्पर अवलंबून आहे. माझी ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. पैसे दे म्हणून की देऊ नको म्हणून, ते पायाला कळेना. आणि मी म्हणालो, ‘छे छे, सेवा तर फारच छान! हेच सांगायला बोलावलं तुम्हाला.’ मग ७,३९२ भरले, त्या मुलाला दोनशे वेगळे दिले, आणि बाहेर आल्यावर व्याही भाच्याला म्हणाले, ‘तुझे मामा मोठे दिलदार आहेत हो.’ हे प्रशस्तिपत्र ८४० रुपयांना पडलं. त्यावरचा जीएसटी वेगळा.

परतीच्या एसटीत ही एवढंच म्हणाली, ‘कात्रण मला द्यायचं होतंत.’

विचार केला तर लक्षात येतं की यात नवं काही घडलं नव्हतं. एप्रिल २०१७ मध्येही केंद्र सरकारने सांगितलंच होतं की सेवा शुल्क ऐच्छिक आहे. पाच वर्षं ते ऐच्छिक होतं आणि पाच वर्षं ते बिलात येत होतं, कारण इच्छा नाही असं चारचौघांत म्हणायला जी छाती लागते ती असलेली माणसं थोडी, आणि ती बहुधा वकील असतात. ‘तक्रार केल्यास काढून देऊ’ ही सोय माझ्यासारख्याला मुळी सोय नव्हेच. तो दुसरा आकार आहे, आणि तो भर पंगतीत, रोखीने वसूल होतो. म्हणून मला अर्धीमुर्धी सूचना नको, बंदी हवी. जी किंमत पहिल्यांदा दाखवली तीच शेवटची. मेनूकार्डावर ६,४०० ऐवजी सात हजारांचं जेवण छापा, काही बिघडत नाही. मी ते वाचीन आणि पनीरची एक भाजी कमी सांगीन. मुलांना पगार कमी पडतो म्हणून शुल्क लावतो, असं हॉटेलवाले म्हणतात. मग पगार वाढवा आणि तो भाजीच्या किमतीत धरा. कांदा धरताच की.

घरी आल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोनही लावला. पलीकडची मुलगी इतक्या अदबीने बोलली, इतक्या आपुलकीने ‘तक्रारीची रक्कम किती, सर?’ म्हणाली, की देशभरातून लाखो रुपयांना फसलेली माणसं या क्षणी रांगेत ताटकळत असतील आणि मी ६४० रुपयांसाठी लाइन अडवून बसलोय, असं मला वाटलं. मी म्हटलं, ‘काही नाही, नंबर चालू आहे का ते बघत होतो.’ जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे समोर माणसं असतात.

सरकारने बंदी घालायची तर पहिला हात घरातच घालावा लागेल, हेही सांगून टाकतो. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढलं की साध्या डब्याला १५ आणि वातानुकूलित डब्याला ३० रुपये सुविधा शुल्क, वर जीएसटी. यूपीआयने भरलं तर १० आणि २०. नोटाबंदीनंतर ते माफ होतं, १ सप्टेंबर २०१९ पासून परत आलं. हे पंधरा वाचवायला मी एकदा रिक्षाने स्टेशनच्या खिडकीवर गेलो होतो. रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर आहे. याहून अधिक तपशील देत नाही. विजेच्या बिलाचं मात्र मी कौतुक करतो: स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, १६ टक्के वीज शुल्क, सगळं छापलेलं असतं, लपवाछपवी नाही. वाचूनही कळत नाही, ती गोष्ट अलाहिदा.

आता आंब्यांविषयी, कारण नाहीतर ही सांगेल, आणि ती जास्त सविस्तर सांगते. पावसजवळ आमची वडिलोपार्जित हापूसची थोडी कलमं आहेत. वडील मुंबईला दलालाकडे पेट्या पाठवायचे. मागाहून पट्टी यायची. वर विक्रीची रक्कम ऐटीत, आणि खाली वजावट: अडत, हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, टपाल, धर्मादाय. ती पट्टी आमच्याकडे धाडायला लागलेलं टपालही आमच्याच खात्यावर. धर्मादाय कुठल्या देवाला पोचला ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाजारातल्या असल्या मनमानी कपातींवर १९२८ सालच्या शाही कृषी आयोगाने बोट ठेवलं, १९३९ साली मुंबई इलाख्याने बाजारांचा कायदा केला, आणि २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाज्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पट्टीतली एक ओळ खोडायला एवढा काळ गेला. तेव्हा ॲपवरची ती तीन रुपयांची खूण बघून मला राग कमी आला, वडील जास्त आठवले.

निवृत्तीनंतर मी ठरवलं, आपण दलाल नको, पट्टी नको. नातेवाइकांना, जुन्या सहकाऱ्यांना थेट पेट्या पाठवायच्या, आणि भाव एकच, पाच डझनाच्या पेटीचा, सगळं धरून ३,०००. बिल कसं असावं याचा नमुनाच घालून द्यायचा होता. त्याच सुमारास आमच्याच वाडीतल्या एका बागायतदाराने २,४०० भाव काढला. झालं. मुंबईची चुलत बहीण म्हणाली, ‘दादा, तुझे महाग आहेत रे.’ सगळे तिकडे गेले. पुढे त्यांना पेटीचे १५०, पेंढा नि भराईचे १००, हमालीचे ८० आणि गाडीभाड्याचे ३५० लागले, म्हणजे ३,०८०. माझ्यापेक्षा ऐंशी जास्त. पण तोवर आंबे घरी पोचले होते, वास सुटला होता, मुलं पेंढ्यात हात घालत होती. अशा वेळी कोण परत पाठवतो? हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यात हमालीविषयी काही म्हटलेलं नाही. माझे आंबे आढीत पिकले, घरात पिकले, शेजाऱ्यांच्या घरात पिकले. त्या वर्षी आम्ही आमरसाला कंटाळलो, हे वाक्य मी रत्नागिरीत प्रथमच कुणीतरी उच्चारलेलं ऐकलं, आणि ते मीच उच्चारलं होतं.

माझं हे जे झालं तेच अमेरिकेत स्टबहब नावाच्या तिकिटं विकणाऱ्या मोठ्या कंपनीचं झालं, हे नंतर वाचून मला जरा बरं वाटलं. २०१४ साली त्यांनी सगळं धरून किंमत दाखवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं शुल्क लपवणाऱ्यांकडे वळली. २०१५ साली त्यांनी करून पाहिलं: काही लोकांना शुल्कासह किंमत आधी दाखवली, काहींना शुल्क शेवटी. ज्यांना शेवटी कळलं त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. कंपनीने काय निवडलं ते सांगायला नको. म्हणजे एकट्यादुकट्याने सरळ वागून भागत नाही. सगळ्यांना एकदमच सरळ करावं लागतं, आणि ते काम ना कंपनीचं, ना आमच्या वाडीचं, ते सरकारचं. ब्रिटनने ६ एप्रिल २०२५ पासून असली थेंबाथेंबाची किंमत बंद केली. अमेरिकेने १२ मे २०२५ पासून निदान कार्यक्रमांची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या यांना पूर्ण किंमत आधी दाखवायला लावली. आमच्या सूचना तर त्यांच्याही आधीच्या आहेत. फक्त त्या अजून सूचना आहेत.

पण हे ज्ञान मला उशिरा झालं. दुसऱ्या वर्षी मीही शहाणा झालो. भाव २,३५० काढला, ‘इतर खर्च वेगळा’ हे बारीक अक्षरात लिहिलं. फोन वाजत राहिला. मेहुणे, चुलत बहीण, जुने साहेब, साहेबांचे साडू, सगळ्यांच्या पेट्या गेल्या. आता फक्त पेटीमागे ६८० रुपये इतर खर्च मागायचा होता. मी मेहुण्यांना फोन लावला. तब्येत विचारली, पुण्यातल्या पाण्याची चौकशी केली, आंबे कसे होते विचारलं. ते म्हणाले, ‘अप्रतिम! आणि तुझ्यासारखा भाव कुणी देत नाही हो!’ मी म्हणालो, ‘घरचंच आहे.’ साहेबांना फोन लावलाच नाही. ते साहेब होते. लपवलेला आकार वसूल करायलाही एक निर्लज्जपणा लागतो, तो हॉटेलच्या मॅनेजरकडे होता, माझ्याकडे नव्हता. त्या वर्षी आमचे सगळे आंबे खपले आणि प्रत्येक पेटीमागे आम्ही खड्ड्यात गेलो.

यंदा फोन हिच्याकडे आहे. मला फक्त देठ ठेवून आंबे काढायचे आणि पेट्यांवर पत्ते लिहायचे, एवढंच काम. परवा मेहुण्यांचा फोन आला तेव्हा मी बाजूलाच पेंढा विंचरत होतो. ही स्पीकर लावून म्हणाली, ‘भावोजी, पेटी सगळं धरून ३,०५०. आणि गेल्या वर्षीची हमाली नि गाडीभाडं राहिलंय, ४३०.’ मी हातवारे करून ‘नको, नको, जाऊ दे’ म्हणत होतो. पेंढा तिच्या अंगावर उडाला, तिने तो झटकला. पलीकडून मेहुणे म्हणाले, ‘अगो, आधी नाही का सांगायचं?’ आणि पाच मिनिटांत तिच्या मोबाइलवर ३,५०० रुपये आले.

‘वीस जास्त आलेत,’ मी कासावीस होऊन म्हणालो. ‘परत पाठव लगेच, बरं दिसत नाही ते.’

‘असू द्यात,’ ती पुढचा पत्ता माझ्यापुढे सरकवत म्हणाली. ‘सुविधा शुल्क.’